खिडकीखालचा पाट

माझा मुलगा महिनाभर माझ्याशी भांडलेला नाही. हे काय वागणं झालं?

संग्राम हे नाव मी हौसेनं ठेवलं आणि त्यानं ते जन्मभर पाळलं. आमटीत तिखट जास्त म्हणून भांडण. माल उतरवायच्या आधी टेम्पोवाल्याला चहा दिला म्हणून भांडण. पाहुण्यांसमोर त्याला गाढवा म्हटलं, तर दोन दिवस अबोला. चाळिशीचा झाला तरी त्याच्या-माझ्या कटकटीशिवाय आमच्या घरात सकाळ होत नव्हती, आणि ती कटकट नसली की मला चहा गोड लागत नाही.

आणि आता बघा. सकाळी उठून पाया पडतो. दसरा-दिवाळी सोडून आमच्यात कोण कुणाच्या पाया पडतं? डाळिंब सोलून वाटीत दाणे आणून देतो, त्यावरचा पिवळा पापुद्रासुद्धा काढलेला. जेवताना माझ्याकडं टक लावून बघतो आणि मी बघितलं की मान खाली. परवा उगीच गडहिंग्लजला नेऊन माझ्या छातीची पट्टी काढून आणली. डॉक्टर म्हणाला, "मावशी, तुमचं हृदय पोराच्या हृदयापेक्षा बरं चाललंय." तर हा बाबा तिथंच खुर्चीत बसून रडायला लागला. मी म्हटलं, "रडतोस कशाला? मी मेले का?" तर आणखीच रडला.

तिथून थेट घरी नाही, फोटो स्टुडिओत. "आई, तुझा एक चांगला फोटो नाही आपल्याकडं." मला जांभळी इरकल नेसून यायला का सांगितलं होतं, ते तेव्हा कळलं. फोटोवाल्यानं विचारलं, "साईज केवढी करू?" संग्राम म्हणाला, "मोठी. भिंतीवर लावायचाय."

मी काय दूधखुळी नाही. घरी आल्याबरोबर सुनेला गाठलं.

"स्वप्नाली, तुझ्या नवऱ्यानं काय करून ठेवलंय? जमीन विकली का बाई ठेवली?"

ती भाकरी थापत होती. हात न थांबवता म्हणाली, "तसलं काही नाही, आत्ती. पण मी सांगणार नाही. त्यांनीच सांगायचं. सोमवारी सरकारच्या त्या बाई येणार आहेत, तोवर मी त्यांना मुदत दिलीय. नाही बोलले, तर तुम्ही तुमच्या डोळ्यांनी बघा."

ही अशी. नेसरीची पोर, तोंडावर बोलणारी. मागच्या हंगामात कारखान्यातल्या सगळ्या बायकांसमोर मला म्हणाली, "आत्ती, कालच्या डब्यात डागी काजूगर गेलाय. डोळा परत दाखवून या." मी तिच्याशी आठ दिवस बोलले नाही. डोळा मात्र दाखवून आले.

आमचा काजूचा कारखाना चंदगड तालुक्यात, रस्त्याला लागून. बाहेर 'तुपारे काजू' अशी पाटी. मी चौथीत शाळा सोडली, पण त्या पाटीला रंग कोणता द्यायचा इथपासून काजूबी कोणत्या भावानं घ्यायची इथपर्यंत सगळं मी ठरवते. बी बॉयलरात वाफवायची, थंड झाली की कटरवर फोडायची, आतला गर भट्टीत वाळवायचा, मग त्याची साल काढायची. फोडणाऱ्या बायकांच्या हाताला टरफलाचं तेल लागलं की कातडी सोलते, म्हणून त्या हाताला राख लावून बसतात. सगळ्यात शेवटी प्रतवारी. अख्खा गर वेगळा, अर्धी फुटलेली पाकळी वेगळी, तुकडा वेगळा, डागी बाजूला. प्रतवारीचे सगळे ट्रे खिडकीखालच्या पाटापाशी येतात आणि त्या पाटावर मी बसते. माझा हात फिरल्याशिवाय आमचा एक डबा बंद होत नाही.

दुसरं कुणी तिथं बसत नाही. मी कुणाला बजावलेलं नाही. बजावावं लागत नाही. डोळ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा मी घरी होते, तर ट्रे एकावर एक साचत गेले, व्यापाऱ्याची गाडी रिकामी परत गेली, पण पाटाला कुणी शिवलं नाही. मी परत आले तेव्हा पाय ठेवायला जागा नव्हती. मला इतकं बरं वाटलं होतं, काय सांगू.

तो सगळा तमाशा छताजवळचे कॅमेरे बघत होते.

कॅमेरे लागले ते तगाईसाठी. दोन वर्षांमागं अर्थसंकल्पात नवी योजना निघाली. तिचं सरकारी नाव आहे 'लघुउद्योग संक्रमण साहाय्य'. एवढं कोण म्हणतं? पूर्वी शेतकऱ्याला सरकारकडून मिळायची ती तगाई, तसं आम्ही हिलाही तगाईच म्हणतो. यंत्राचे निम्मे पैसे सरकार देणार. यंत्र आल्यावर बायका नवं काम शिकेपर्यंत त्यांची मजुरी सरकार देणार. एखादीचं काम गेलंच, तर तिला दुसरं मिळेपर्यंत भत्ता. टीव्हीवर ऐकलं तेव्हा मी म्हटलं, दरवर्षीचं भाषण. पण ह्या वेळी त्यात एक मेख होती. आधीच्या योजनांत पैसे वाटले आणि कारखाने तरीही बंद पडले. म्हणून आता आधी बघणार आणि मग देणार.

काय बघणार? पुढं काय होणार, ते.

आम्हाला तगाई पाहिजेच होती. घाटाखालच्या मोठ्या कारखान्यांत आता यंत्राचा डोळाच प्रतवारी करतो, एका दिवसात आमच्या आठवड्याचा माल काढतो. अजून दोन हंगाम असेच गेले असते, तर मला आमच्या बायकांना घरी पाठवावं लागलं असतं. यल्लूबाई माझ्याकडं तिच्या लग्नाआधीपासून कामाला आहे. तिला मी कुठल्या तोंडानं सांगणार होते?

योजना समजावायला सरकारनं अन्विता दड्डीकर नावाची पोरगी नेमली होती. शर्टपँट, केस कापलेले. पण मला 'काकू' म्हणायची आणि वाढलेलं सगळं खायची, म्हणून मी तिला खपवून घेतलं.

"काकू, तुमच्या कारखान्याचा आम्ही एक जुळा करणार," ती म्हणाली. "संगणकाच्या यंत्रात. वर्षभर कॅमेरे बघतील. वजनकाटा, विजेचा मीटर, खरेदी-विक्री, सगळं यंत्राला कळेल. कोण बाई कधी येते, भट्टी कधी तापते, बी ओली आली की तुम्ही काय करता. वर्षभरानं त्या जुळ्याला तुमच्या कारखान्याच्या सगळ्या खोडी येतील. मग आम्ही त्याला पुढं पळवणार."

"पळवणार म्हणजे?"

"तुमचा चहा उकळेपर्यंत तो अख्खं वर्ष जगेल. कधी पाऊस जास्त, कधी भाव पडलेला, कुणी आजारी पडलं, कुणी सोडून गेलं. प्रत्येक वेळी नशीब वेगळं. असे हजारो खेळ. त्यातल्या ज्या खेळांत कारखाना तगतो ते बाजूला काढायचे आणि बघायचं, ह्यांच्यात असं काय आहे जे बुडालेल्यांत नाही. तेच घडवून आणायला सरकार पैसे देणार."

मला पटलं. ही प्रतवारीच की. तगलेले खेळ एका ट्रेत, बुडालेले दुसऱ्या.

मग तिनं एकेकाला वेगळं बसवून प्रश्न विचारले, कारण माणसाच्या मनातलं कॅमेऱ्याला दिसत नाही. माझी पाळी आली तेव्हा तिनं विचारलं, "काकू, ह्या पाटावर दुसऱ्या कुणाला बसवायचा विचार आहे का? कधी?"

मी म्हटलं, "मी मेल्यावर बसवा कुणाला बसवायचं ते."

ती हसली. मीही हसले. दाराआड यल्लूबाई उभी होती, ती तर खिदळली. यंत्र तेवढं हसलं नाही.

गेल्या महिन्यात तगाई मंजूर झाली. रस्त्यापलीकडच्या नाईकांच्या कारखान्याचा जुळा बुडाला, आमचा तगला. मी गावभर पेढे वाटले. संग्रामनं पेढा घेतला आणि तोंडात न घालता मुठीत धरून बसला. दुसऱ्या दिवसापासून त्यानं माझ्या पाया पडायला सुरुवात केली.

सोमवारी अन्विता आली ती मोठा पडदा घेऊन. कारखान्यात दुपारची सुट्टी होती, बायका डबे धूत होत्या. संग्राम दारातच तिला म्हणाला, "मॅडम, तुम्ही मला ऑफिसात दाखवा. आईला त्यातलं काय कळणार?"

मी पाटावरून ओरडले, "आईला तुझे लंगोट कसे धुवायचे ते कळलं, तर पडदा कळणार नाही होय? इथं भिंतीला लाव गं पोरी. सगळ्या बघतील."

पडद्यावर आमचा कारखाना उघडला. पत्रे काढून वरून बघावं तसा. बॉयलर, भट्टी, कटरची रांग. अंगठ्याएवढ्या बायका त्यात फिरत होत्या, आणि काय सांगू, प्रत्येकीची चाल तिचीच. यल्लूबाईची बारकी बाहुली कंबरेवर हात ठेवून उठत होती. "आता गं बया, मी इतकी वाकले?" ती म्हणाली आणि सगळ्या हसल्या. खिडकीखालच्या पाटावर मी होते. मान जरा डावीकडं. ट्रेवर हात फिरवत. स्वतःला असं वरून बघायला मला मजा वाटली.

"आता पुढचं वर्ष," अन्विता म्हणाली.

काजूला मोहोर आला, बी आली, गाड्या आल्या. चहाच्या घोटाघोटात दिवस जात होते. मग एकदम पाट रिकामा झाला. बाहुल्या अंगणात रांगेनं उभ्या राहिल्या, हलेनात. भट्टी विझली. पुन्हा पेटली. पाटावर संग्रामची बाहुली येऊन बसली. कोपऱ्यात नवं यंत्र आलं. बाजूला एक हिरवी रेघ होती, इतका वेळ जमिनीला धरून चाललेली, ती उठली आणि वर वर चढत गेली. नव्या बायका आल्या. दुसरं शेड उभं राहिलं. यल्लूबाईची लेक यंत्रापाशी उभी राहून चार जणींना काम शिकवत होती.

सगळ्या खूश. "अगं तुझी पोरगी बघ!" वगैरे.

मी विचारलं, "पण मी कुठं गेले?"

अन्विता पडद्याकडं बघत राहिली.

"गोकाकला बहिणीकडं गेले का? इतके दिवस?"

"काकू..." तिनं संग्रामकडं बघितलं. संग्राम बॉयलर बघायला म्हणून बाहेर निघून गेला. दुपारच्या सुट्टीत कसला बॉयलर? "काकू, मला वाटलं दादांनी तुम्हाला सांगितलं असेल. तगायचा जो मार्ग मंजूर झाला, त्यात तुम्ही... तुम्ही नाही."

"नाही म्हणजे?"

 यल्लूबाईनं तोंडाला पदर लावला.

बायका अंगणात रांगेनं का उभ्या होत्या, ते मला तेव्हा कळलं.

हातातला ट्रे कसा सुटला मला माहीत नाही. गर फरशीवर सांडला आणि कुणी गोळा करायला वाकलं नाही. माझ्या कानात भट्टीच्या पंख्यासारखा आवाज भरला. मी माझ्या गुडघ्यावर हात ठेवून बघितला. गुडघा होता. नेहमीसारखा दुखतही होता. समोर पडद्यावर मात्र माझ्यावाचून तिसरं वर्ष चाललं होतं आणि ती हिरवी रेघ अजून चढतच होती. मी मेले ह्याच्यापेक्षा ती रेघ मला जास्त लागली. माणूस गेल्यावर चार दिवस तरी काही अडायला नको?

"मला कुणी मारलं?" मी विचारलं.

"कुणीच नाही, काकू. खरंच." पोरगी घाईघाईनं म्हणाली. "यंत्र भविष्य सांगत नाही. हजारो खेळांत नशीब वेगवेगळं पडतं. काही खेळांत तुम्ही शंभर वर्षं जगलात. काहींत लवकर गेलात. आम्ही फक्त तगलेले खेळ बाजूला काढले. तगलेल्या प्रत्येक खेळात एक गोष्ट सारखी होती. पाट बदलला होता. जिथं सगळा माल एका हातावर अडतो, तिथं नवं यंत्र आणूनही उपयोग होत नाही. यंत्र शंभर ट्रे काढतं आणि शंभर ट्रे तुमच्यासाठी थांबून राहतात."

"मग पाट बदला की. त्यासाठी मला कशाला घालवलं?"

"कारण जुळ्यात दुसऱ्या कुठल्याच रस्त्यानं तो बदलेना. आम्ही प्रत्येकाला विचारलं होतं, काकू पाटावरून उठतील का. सगळ्यांनी एकच सांगितलं. त्या असेपर्यंत नाही. तुम्हीही तेच म्हणालात. आणि ऑपरेशनच्या वेळी कॅमेऱ्यांनी बघितलं, तुम्ही नसतानाही कुणी बसलं नाही. म्हणजे यंत्राच्या दृष्टीनं तुम्ही जिवंत आणि पाट दुसऱ्याचा, असं होऊच शकत नाही. ज्या ज्या खेळात तुम्ही लवकर गेलात, त्या त्या खेळात कारखाना तगला."

मी पाटावरून उठून बायकांकडं वळले. "कोण कोण म्हणालं असं?"

सगळ्या फरशीकडं बघत होत्या. शेवटी यल्लूबाई म्हणाली, "सगळ्याच म्हणालो, आक्का. खोटं कशाला बोलू? आम्हाला वाटलं, तुमचा मान ठेवतोय."

मान. मला बसायला पाटाशिवाय दुसरी जागा सुचेना, म्हणून मी परत पाटावरच बसले. आणि तेही सगळ्यांनी बघितलं.

"एकानं वेगळं सांगितलं होतं," अन्विता हळूच म्हणाली. "कोण, ते मला सांगता येत नाही. पण एकाविरुद्ध इतकी सगळी. यंत्रानं ते धरलं नाही."

"आणि आता पुढं काय?"

"पहिला हप्ता मंजूर आहे. दुसरा हप्ता आणि बायकांची मजुरी पाट बदलल्यावर. पुढच्या हंगामाच्या आत. दादांनी भागीदार म्हणून मार्ग मान्य केलाय."

"म्हणजे पुढच्या हंगामाच्या आत मी मरायचं?"

"नाही हो काकू! पाट बदलायचा फक्त. कसा, ते सरकार बघत नाही."

"सरकार बघत नसेल," मी म्हटलं, "माझा मुलगा बघतोय."

डाळिंब. छातीची पट्टी. जांभळी इरकल. भिंतीवर लावायचा मोठा फोटो. एकेक आठवत गेलं आणि एकेकाचा अर्थ लागत गेला. तो लबाडी करत नव्हता, तेच तर भयंकर होतं. पोरगं खरोखर रडत होतं. यंत्रात बघितलेलं मरण त्यानं खरं धरलं होतं, त्याला ते नको होतं, आणि तरी 'मान्य'वर बोट ठेवून तो महिनाभर त्याची वाट बघत होता. दोन्ही एकदम.

त्या दिवशी तो जेवायला आला नाही. चंदगडला काम आहे म्हणून निरोप. मी स्वयंपाकघरात गेले. स्वप्नालीनं न विचारता माझ्यासमोर ताट ठेवलं.

"वेगळं सांगणारी तू होतीस," मी म्हटलं.

"हो."

"काय सांगितलंस?"

"आत्तींना आजवर कुणी विचारलेलंच नाही, असं सांगितलं. विचारलं तर आधी चार शिव्या देतील, मग उठतील."

"चार?"

"जास्त देतील. पण उठतील."

"मग मला का नाही सांगितलंस? महिनाभर मी तुझ्या नवऱ्याला वेडा समजत होते."

तिनं पहिल्यांदा माझ्याकडं सरळ बघितलं. "मी सांगितलं असतं तर तुम्ही काय म्हणाला असतात? सुनेनं पाट मागितला. गावानंही तेच म्हटलं असतं. आणि मला पाट नको होता, आत्ती. त्यांनी तुम्हाला सांगावं एवढंच पाहिजे होतं. मी त्यांना म्हटलं, एकदा जाऊन म्हणा, आई, ऊठ. एवढे दोन शब्द. ते म्हणाले, मला जमणार नाही, तू मला काहीही करायला सांग."

"मग तो फोटो काढायला गेला."

"हो."

मला हसू आलं. का आलं कळेना, पण आलं, आणि घास घशात अडकला. स्वप्नाली पाठीवर थापट्या मारत म्हणाली, "आता इथं नका जाऊ, आत्ती. हंगामाला वेळ आहे अजून." बघा, असली आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी नेहमीसारखी कारखान्यात गेले. बायका माझ्याकडं चोरून बघत होत्या, मी रात्रीतून गेले का काय अशा. अन्विता पडदा न्यायला आली होती. प्रतवारीचा पहिला ट्रे पाटाजवळ आला. मी पाटापाशी उभी राहिले आणि बसले नाही.

"स्वप्नाली," मी हाक मारली. "बस."

पंखा सोडून सगळं थांबलं. यल्लूबाईनं "आक्का!" असं काहीतरी केलं. स्वप्नाली हात पुसत आली, पाटाकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं.

"बसते. पण तुम्ही मागं उभं राहायचं नाही."

"नाही राहत."

"आणि लांबून बघायचंही नाही."

"तोंड सांभाळ हं, अजून मी जिवंत आहे," मी म्हटलं, आणि कशी कोण जाणे, सगळी खोली एकदम हसली. खोली हसली म्हणून मला चालत जाता आलं. नाहीतर माझे पाय तिथून निघत नव्हते. पाटापासून साल काढणाऱ्या बायकांची रांग हाकेच्या अंतरावर आहे. मला ते अंतर बाजाराएवढं लांब वाटलं. मी यल्लूबाईशेजारी जाऊन बसले आणि गर सोलायला घेतला. पाठीमागं ट्रेमध्ये गर सरकल्याचा आवाज येत होता. तो माझ्या हाताचा आवाज नव्हता. स्वप्नाली माझ्यापेक्षा सावकाश करत होती, आणि एकदा तिनं पाकळी अख्ख्या गरात टाकल्यासारखं मला ऐकू आलं. मी जीभ दाताखाली धरली. खरोखर धरली.

अन्विता माझ्यापाशी येऊन उकिडवी बसली. "काकू, एक अडचण आहे. मंजूर मार्गात पाटावर दादा आहेत. वहिनी नाहीत. आणि तुम्ही... म्हणजे तुम्ही आहात. हे जुळ्यानं कधी बघितलेलं नाही. सगळा हिशोब नव्यानं मांडावा लागेल. तोवर मंजुरी थांबेल. नव्या हिशोबात कारखाना तगेल की नाही, मी सांगू शकत नाही."

यल्लूबाईचे हात थांबले. "म्हंजे आक्का, मजुरीचं आडंल?"

 मी एक शब्द बोलून संग्रामला पाटावर बसवलं असतं, तर पैसे तसेच्या तसे आले असते. मरायचं सोडून बाकी सगळं त्या पडद्याप्रमाणं झालं असतं. यल्लूबाईची लेक यंत्रापाशी उभी राहिली असती. मला ते ठाऊक होतं, आणि यल्लूबाईलाही ठाऊक होतं.

"यल्लू, तूच सांग," मी म्हटलं. "ओली बी घेऊन व्यापारी दारात आला, तर त्याला कोण परत लावंल? संग्राम का ती?"

यल्लूबाईनं पाटाकडं बघितलं. स्वप्नालीनं एक मूठभर डागी गर ट्रेतून उचलून बाजूला टाकला, अगदी रागानं टाकावा तसा. यल्लूबाई परत सोलायला लागली. "मांडू दे तुमचा हिशोब," ती अन्विताला म्हणाली. "पर ह्या खेपंला आमाला परत इचारा. मागच्या खेपंला आमी चुकीचं सांगितलं."

"विचारते, मावशी."

"आणि कॅमेरे चालू आहेत ना?" मी विचारलं. "मग त्यांना म्हणावं, नीट बघा. तो पाट तिथं आणि मी इथं. श्वास चालू आहे."

तेवढ्यात संग्राम आला. चंदगडला कुठं झोपला होता देव जाणे, शर्ट चुरगळलेला, डोळे सुजलेले. हातात वाटी. वाटीत डाळिंबाचे दाणे. रिकाम्या हातानं यायचं धाडस होत नव्हतं त्याला. पाटावर बायको बसलेली बघितली आणि तो दारातच थिजला. मग मला शोधू लागला. आधी खिडकीपाशी, मग भट्टीपाशी, आणि मी दिसेना तसा त्याचा चेहरा पांढरा पडत गेला. एवढंसं होतं तेव्हा जत्रेत हरवल्यावर असंच तोंड केलं होतं त्यानं.

"इकडं," मी म्हटलं.

तो धावत आला, माझ्यासमोर गुडघ्यावर बसला. "आई, मला सांगायचं होतं. रोज सांगायचं ठरवत होतो. मला वाटलं, विचारलं तर तुझा जीव तुटंल."

"म्हणून तो जायची वाट बघितलीस?"

त्यानं वाटी माझ्यापुढं धरली.  सगळ्या बायका ऐकत होत्या. ऐकू दे म्हटलं. मी त्याच्या हातातली वाटी घेतली, यल्लूबाईच्या पुढं ठेवली, आणि त्याच्या तोंडाकडं बघून सांगितलं:

"संग्राम, तिखट-मिठावरनं तू जन्मभर माझ्याशी भांडलास, आणि भांडायच्या एका दिवशी गप्प बसलास. जिवंत आईला ऊठ म्हणायला तुझी जीभ रेटली नाही, तिला मेलेली बघायला मात्र तू तयार झालास. तू वाईट नाहीस, तू भित्रा आहेस. भित्र्याच्या हाताखाली माझ्या बायका मी ठेवणार नाही. पाटावर तुझी बायको बसंल. तू गाडी बघ, बाजार बघ, आणि ती सांगंल ते ऐक. तो फोटो भिंतीवर नाही, माझ्या कपाटात ठेव. लागंल तेव्हा मी सांगेन. आणि उद्यापासून डाळिंब सोलायचं नाही. उद्यापासून भांडायचं."